प्रयागताईंचा सव्वा महिना

प्रयागताई आमच्या सोसायटीत राहायला आल्या आणि आठवड्याच्या आत त्यांचा नवरा बायकोला मारतो अशी बातमी सगळ्या मजल्यांवर फिरली. बातमीला पुरावा होता. त्यांच्या बरोबर खालचा फ्लॅट माझा. पहाटे चहाचं आधण ठेवलं की वरून आवाज सुरू व्हायचा, धप धप धप. मध्येच खोकल्याची उबळ, जरा शांतता, आणि पुन्हा धपधप. बाई ओरडत नव्हती, पण आमच्या जाधववहिनींचं म्हणणं पडलं की मार खाऊन सवय झालेल्या बायका ओरडत नाहीत.

मोशीतल्या नव्या सोसायट्यांमध्ये सगळेच कुठून कुठून आलेले. कोण लातूरचं, कोण जळगावचं, कोण साताऱ्याचं. एकमेकांच्या भानगडीत पडायचं नाही असं सगळे म्हणतात आणि सगळे पडतात. एका रविवारी जाधववहिनी मला घेऊन वर गेल्याच. बेल वाजवली. दार उघडलं दिगंबरभाऊंनी, म्हणजे प्रयागताईंच्या नवऱ्याने. हा माणूस गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि दोन वाक्यं सलग बोलायची वेळ आली तर त्याला घाम फुटायचा. आत कॉटवर प्रयागताई पालथ्या पडलेल्या, कमरेखाली तीन उशा, डोकं कॉटच्या खाली लोंबकळतंय. त्यांनी तशाच उलट्या डोक्याने आमच्याकडे बघितलं.

"या की. बऱ्या टायमाला आलात. ह्यांचा हात दुखायलाय, उरलेली पाठ तुमी ठोका."

पुढच्या पाच मिनिटांत जाधववहिनी प्रयागताईंच्या पाठीवर थापा मारत होत्या. तीर्थ घेताना करतो तसा हात खोलगट करायचा आणि बरगड्यांवर थापटायचं, खालून वर. छातीत साचलेला कफ सुटून वर येतो. हे शिकवून झाल्यावर प्रयागताई खालूनच म्हणाल्या, "जोरात मारा ओ वहिनी. मी काय पापड हाय मोडायला?"

मग उठून बसल्या, तोंड धुऊन आल्या, चहा टाकला, आणि कुणी न विचारता आम्हाला सगळा आजार सांगितला. फुप्फुसाच्या नळ्या एका बाजूला फुगून सैल पडल्यात, तिथे कफ साचतो, त्या कफात एक जंतू मुक्काम ठोकून बसलाय. तो टीबीचा जंतू नाही. माझ्यापासून तुम्हाला, तुमच्या पोरांना, कुणाला होत नाही. औषधं चालू आहेत, बरेच महिने चालायची आहेत. विचारा अजून काय विचारायचं ते.

आम्ही काय विचारणार! जाताना जिन्यात त्यांनी मला सांगितलं, "लपवलं की लोकं आपल्या मनानं भर घालतेत. त्यापरीस मीच सांगते. म्हंजे माप बरोबर राहतंय."

नंतर कळलं की आम्ही दोघी एकाच कंपनीत. चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवणारा कारखाना आहे, तिथे त्या लाइनवर होत्या आणि मी क्वालिटीला. लांब लाकडी बोर्डावर रंगीबेरंगी वायरी खिळ्यांमधून ओढायच्या, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर बसवायचे. दिवसभर उभ्याने काम. प्रयागताईंचे हात वेगाने चालायचे आणि तोंड त्याहून वेगाने. लाइनवरच्या पोरी त्यांना घाबरायच्या आणि सगळी दुखणी पण त्यांनाच सांगायच्या. कुणाला पाळीत जास्त जातंय, कुणाच्या अंगावर गाठ आलीय. प्रयागताईंचं उत्तर ठरलेलं. दवाखान्यात जा, आणि तिथं गेल्यावर मान हलवू नको, तोंड हलव.

त्यांना हे फुकट आलेलं नव्हतं. खोकला सुरू झाला तेव्हा त्या लातूरकडे होत्या. छातीच्या फोटोत डाग दिसला, टीबीची औषधं सुरू झाली. पूर्ण केली. खोकला गेला नाही. पिंपरीला आल्यावर पुन्हा फोटो, पुन्हा डाग, पुन्हा तीच औषधं. लघवी नारिंगी, तोंड कडू, अंगातला जीव गेलेला, आणि खोकला आहे तिथेच. डॉक्टरांचाही फार दोष म्हणता येणार नाही. आपल्याकडे असा डाग आणि असा खोकला म्हणजे टीबीच असं धरून चालतात, आणि पुष्कळदा तो निघतोही. तिसऱ्यांदा तीच चिठ्ठी हातात पडली तेव्हा प्रयागताई खुर्चीवरून उठल्याच नाहीत.

"डॉक्टर, दोनदा ह्या चोराला मारायला गोळ्या खाल्ल्या. मेला नाही. म्हंजे चोर दुसराच कुणी असंल. आधी त्याचं नाव सांगा, मग गोळ्या द्या."

डॉक्टर म्हणाले त्याला बेडका प्रयोगशाळेत वाढवून बघावा लागतो, आठवडे जातात. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या की. वर्षं गेलेत, आठवड्याचं काय." त्या डॉक्टरांनी त्यांना एका छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी बेडका वाढवून जंतूचं नाव काढलं. नाव भलतंच लांब होतं. प्रयागताईंनी ते पाठ केलं होतं, पण सांगताना त्या म्हणायच्या, "टीबीच्या भावकीतला हाय. आडनाव एक, पण चूल येगळी."

ह्या छातीच्या डॉक्टरांशी त्यांचं चांगलं जमलं. म्हणजे दोघं दर भेटीला भांडायचे. त्या आत गेल्या की रांगेतले बाकीचे पेशंट सुस्कारा सोडून बसायचे, कारण ह्या बाई लवकर बाहेर येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत. बसल्या बसल्या सुरुवात करायच्या. कफाचा रंग काय, किती निघतो, ताप कुठल्या दिवशी आला, कुठली गोळी घेतल्यावर मळमळतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावेपर्यंत निम्मं सांगून झालेलं असायचं. कधी चुकायच्या पण. एकदा हळदीच्या दुधाने कफ पातळ होतो म्हणून एक गोळी त्यांनी स्वतःच्या मनाने बंद केली आणि महिनाभर अंथरूण धरलं. डॉक्टर चिडले. ह्या म्हणाल्या, "चुकले. पण सांगितलं ना चुकले म्हणून? लपवलं तर नाही?" एवढा एक गुण त्यांच्यात होता, खरंच. त्या स्वतःच्या अंगाबद्दल कधी खोटं बोलल्या नाहीत. निदान मला तोपर्यंत तसंच वाटत होतं.

त्यांच्या गोळ्यांपैकी एक डोळ्यांना बाधते. रंग नीट दिसेनासे होतात, आधी लाल आणि हिरवा. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. प्रयागताईंनी लाइनवरचे वायरीचे तुकडे पर्समध्ये ठेवले आणि सकाळी बसची वाट बघताना एकेका डोळ्यावर हात ठेवून ते बघायच्या. बसस्टॉपवरचे लोक आम्हाला वेड्या समजायचे. एका सकाळी त्यांनी लाल वायर माझ्यापुढे धरली. "वैशाली, ही आज विटकरी दिसायलीय का मलाच तसं वाटायलंय?" वायर लालभडक होती. त्या दिवशी त्यांनी शिफ्ट सोडली, दवाखाना गाठला, आणि ती गोळी वेळेवर थांबली. डोळे वाचले.

बसमधला प्रसंग तर कंपनीत अजून सांगतात. पहिल्या शिफ्टची बस मोशीहून निघते, इंद्रायणीचा पूल ओलांडते आणि चाकणच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये जी अडकते ती अडकतेच. काचा बंद, आत पन्नास माणसं. त्यात प्रयागताईंना उबळ आली की थांबायची नाही. एकदा मागच्या सीटवरचा एक नवा पोरगा मोठ्याने म्हणाला, "ओ मावशी, टीबी असेल तर घरी बसा ना, आमाला कशाला वाटताय?" काहींनी रुमाल नाकाला लावले.

उबळ थांबेपर्यंत प्रयागताई बसून राहिल्या. मग दांडीला धरून उठल्या आणि बसच्या मधोमध उभ्या राहिल्या. "कुणाला टीबीची भीती वाटायलीय? हात वर करा. लाजू नका." चार-पाच हात वर झाले. "बरंय. भ्यायलाच पाहिजे. टीबी लागतो. दोन आठवड्याच्या वर खोकला असला तर तपासून घ्यायचा, फुकट होतंय. मला तो नाही. मला जो हाय तो पाण्यात, मातीत असतो, माणसाकडून माणसाला जात नाही. कंपनीच्या डॉक्टरला म्हाईत हाय, जाऊन विचारा. आणि पोरा, तू विचारलंस ते बरं केलंस, पण मावशी म्हणून विचारायला पाहिजे होतंस, टीबी म्हणून नाही." पोरगा लाल झाला. मग त्या ड्रायव्हरकडे वळल्या. "आणि भाऊ, देवाला एवढ्या अगरबत्त्या लावू नका बंद गाडीत. देवाला सहन होतंय, मला होत नाही." त्या दिवसापासून आमच्या बसच्या देवाला फक्त फूल मिळतं.

धुराशी त्यांचं उभं वैर होतं. कचरा पेटवणाऱ्या वॉचमनशी भांडण, डासांच्या कॉइलवरून जाधववहिनींशी भांडण, गणपतीत फटाके लावणाऱ्या पोरांशी भांडण. धूर गेला की त्यांच्या नळ्या आवळायच्या आणि चार-चार दिवस श्वास पुरायचा नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, तुमच्यासाठी धूर म्हणजे विष. हे त्या सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवायच्या की सोसायटीतली पोरं त्यांना बघून उदबत्तीसुद्धा विझवायची.

अशा ह्या बाईची एकुलती मुलगी अश्विनी. दिसायला नाजूक, स्वभावाने बापावर गेलेली, अबोल. तिचं लग्न चिखलीतल्या एका जुन्या गावकरी घरात झालं. जमिनी विकून तीन मजली बंगला बांधलेला, दारात दोन मोठ्या गाड्या, आणि मागे अजूनही चार म्हशी. माणसं वाईट नव्हती. पण प्रयागताईंचा खोकला त्यांनी लग्नातच ऐकला होता. लग्नानंतर प्रयागताई चिखलीला गेल्या की त्यांना चहा वेगळ्या कपात यायचा. त्यांनी तो कप ओळखला होता, पण लेकीच्या सासरी त्या प्रथमच काही बोलत नव्हत्या.

अश्विनीला दिवस गेले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे काय सांगायला हवं? प्रयागताईंनी हॉलमधला कॉट आतल्या खोलीत हलवला, पडदे शिवले, डिंक आणि खारीक आणून ठेवली. आणि ओटीभरणाच्या दिवशी चिखलीहून निरोप आला, की बाळंतपण आम्ही इकडेच करू, तुम्ही काळजी करू नका.

प्रयागताई मला घेऊन चिखलीला गेल्या. अश्विनीच्या सासूबाई, ताराबाई, ठसठशीत कुंकवाच्या, गावाकडच्या बोलीच्या. त्यांनी आम्हाला झोपाळ्यावर बसवलं. प्रयागताईंनी फोन काढला, छातीच्या डॉक्टरांना लावला, स्पीकरवर टाकला. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते स्वच्छ मराठीत म्हणाले की ह्यांचा आजार कुणाला लागत नाही, बाळाला धोका नाही, लेकीला माहेरी पाठवायला काहीच हरकत नाही.

ताराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर म्हनत्यात त्ये खरं असंल. पर मला भ्या वाटतंय, बाई. आमची थोरली चुलती टीबीनं गेली तवा मी न्हानी व्हते. तिला मागल्या खोलीत ठेवलेली. तिचा खोकला मला अजून आयकू येतोय. आता माज्या नातवंडापाशी तसला खोकला मला न्हाई सोसायचा."

मला वाटलं आता प्रयागताई उभ्या राहणार आणि बसमधलं भाषण करणार. त्या नुसत्या झोपाळ्याच्या कडीकडे बघत राहिल्या.

शेवटी ताराबाईच म्हणाल्या, "घिऊन जावा लेकीला. तुमचा हक हाय, मी न्हाई म्हननार न्हाई. पर सव्वा महिना तिथं खोकला आयकू आला, एकदा जरी आला, तर मी गाडी घिऊन आले म्हनून समजा."

"चालंल," प्रयागताई म्हणाल्या.

परत येताना रिक्षात मी त्यांच्यावर चिडले. खोकला म्हणजे काय नळ आहे का, बंद करायला? त्या बाहेर बघत होत्या. "त्या बाईचं माणूस मेलंय त्या रोगानं. तिला मी काय समजावू? समजावून भीती जाती व्हय? आणि लेक माहेरला आली नाही तर जलमभर त्या घरात तिला ऐकावं लागंल, तुझी आई रोगट म्हणून. मला एवढा सव्वा महिना पाहिजे, वैशाली. तेवढा एक."

त्यानंतर लगेचच छातीचा नवा फोटो निघाला आणि तो चांगला नव्हता. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पुरत नाहीत, दाखल व्हा, काही आठवडे इंजेक्शनं द्यावी लागतील. प्रयागताई म्हणाल्या बाळंतपण झालं की येते. डॉक्टरांनी समजावलं, आवाज चढवला, दिगंबरभाऊंना आत बोलावून सांगितलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी जास्तीच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, पाठ दिवसातून दोनदा ठोकून घ्या, आणि ताप आला, दम वाढला किंवा कफात रक्त दिसलं तर त्याच दिवशी या. प्रयागताईंनी सगळ्याला मान हलवली.

अश्विनीला मुलगी झाली. गोरीपान, ताराबाईंच्याच नाकाची. प्रयागताईंनी तिला दवाखान्यातच उचलून घेतलं तेव्हा तोंडाला मास्क होता, त्यामुळे त्यांचं हसू मला दिसलं नाही. डोळे मात्र दिसले. असे डोळे मी त्यांचे आधी कधी पाहिले नव्हते.

बाळंतीण घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यावर शांतता होती. धपधप नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. मी वर गेले. प्रयागताई दारातच बोलल्या, "लेकरू दचकतंय ठोकलं की. राहू दे थोडे दिवस."

चिखलीहून ताराबाईंनी मालिशवाली पाठवली होती. घरातली जुनी, विश्वासाची. ती रोज यायची आणि रोज चिखलीला बातमी जायची. ताराबाई स्वतःही अधूनमधून चक्कर टाकायच्या. आणि बाळंतपण रीतीने व्हायलाच हवं होतं, कारण थोडं जरी उणं पडलं तरी माहेरचं नाव. रीत म्हणजे शेगडी. आंघोळ झाली की बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकायचं, दारं-खिडक्या लावायच्या आणि माय-लेकींना धुरी द्यायची. मी म्हटलं, ताई, तुम्ही बाहेर थांबा, शेगडी मी धरते.

"तू आई हायस का तिची?" एवढंच म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून आत गेल्या.

ज्या बाईने देवाची अगरबत्ती विझवली होती ती रोज त्या बंद खोलीत निखारे फुंकत होती. अश्विनीला काही कळलं नाही. कसं कळणार? कानात कापसाचे बोळे, वरून डोक्याला घट्ट रुमाल, रीतीप्रमाणे. तिला बाळाचं रडणंसुद्धा जवळ घेतल्याशिवाय ऐकू यायचं नाही. आता तिला सगळं माहीत आहे. तिनेच विचारलं आणि मी सांगितलं. तीच म्हणाली, काकू, हे लिहून ठेवा.

खोकला नळासारखा बंद होत नाही, म्हणून प्रयागताईंनी टँकर शोधून काढला. आमच्याकडे पाण्याचा टँकर दिवसातून दोन-तीनदा येतो. टाकीत पाणी सोडताना त्याचं इंजिन असं घरघरतं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. टँकरचा हॉर्न वाजला की प्रयागताई "पाणी बघून येते" म्हणून खाली उतरायच्या, टँकरच्या मागच्या बाजूला जायच्या आणि भिंतीला धरून खोकायच्या. तोपर्यंत आतल्या आत दाबून धरलेलं असायचं. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, चेहरा काळानिळा. ड्रायव्हर नळी सोडून त्यांना पाणी द्यायचा.

तिथेच मी त्यांना धरलं. पदरावर रक्त होतं. थोडं नव्हे. मी ओरडले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. त्यांनी टँकरच्या गळक्या नळीखाली पदर धुतला, पिळला, आणि मला म्हणाल्या, "लाल दिसायलंय मला. म्हंजे डोळे चांगले हायत."

मला हसू आलं नाही. मला त्यांना थोबाडीत मारावीशी वाटली. आयुष्यभर सगळ्यांना तोंड हलवायला शिकवलं आणि आता स्वतः तोंड शिवून बसल्या. मी सांगितलं की मी अश्विनीला सांगणार, आत्ता जाऊन सांगणार. त्यांनी माझं मनगट धरलं. "लेकराची शपथ हाय तुला. थोडे दिवस राहिलेत. बारसं होऊ दे, ती सुखानं सासरी जाऊ दे, मग तू म्हणशील तिथं येते. तूच घेऊन चल." लहान बाळाची शपथ कोण मोडणार? मी दिगंबरभाऊंना गाठलं. ते गच्चीवर बाळाचे लंगोट वाळत घालत होते. त्यांना सगळं माहीत होतं. "पाया पडलो तिच्या," ते म्हणाले. आणि पुढचा लंगोट झटकून दोरीवर टाकला. मी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, उचलून आणा. उचलून आणायला ती बाई काय गाठोडं होती?

सव्वा महिना भरला आणि बारसं थाटात झालं. चिखलीहून तीन गाड्या भरून माणसं आली. ताराबाईंनी पाळण्याच्या दोऱ्या स्वतः हलवल्या. प्रयागताई हिरव्या साडीत इकडून तिकडे फिरत होत्या, घुगऱ्या वाटत होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की आता ह्या पडतील. पडल्या नाहीत. जेवणं झाल्यावर ताराबाईंनी सगळ्यांसमोर त्यांची ओटी भरली. "इहीणबाई, मी उगाच भ्याले बगा. येवढं चांगलं बाळंतपण आमाला बी जमलं नसतं. आता नातीला बगाया कवा बी यायचं. आमच्याकडं ऱ्हायाला यायचं." आणि निघताना, जाधववहिनी आणि मी साक्षीला आहोत, ताराबाई प्रयागताईंच्या उष्ट्या भांड्यातून पाणी प्यायल्या. मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं. प्रयागताई जिंकल्या होत्या. माझ्या ओळखीत एवढं मोठं काही कुणी जिंकलेलं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

गाड्या अश्विनीला आणि बाळाला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरभाऊंनी माझं दार वाजवलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. रक्त थांबत नव्हतं, दमामुळे आडवं पडता येत नव्हतं. तातडीच्या विभागात स्ट्रेचरवर बसवून तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. त्यांचे नेहमीचे डॉक्टर वाटेत होते. तिथे होता एक तरुण डॉक्टर, भला मुलगा, झोप न झालेला. तो भराभरा सुया लावत होता आणि विचारत होता. एवढ्यात चिखलीची गाडी आली. अश्विनी धावत आली. डोक्याला अजून रुमाल होता, कानात कापूस होता. मागून ताराबाई, बाळाला छातीशी घेऊन.

"मावशी, हा त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरने विचारलं.

प्रयागताईंनी अश्विनीकडे बघितलं. तिने कानातले बोळे काढून मुठीत धरले होते. चेहरा पांढरा पडला होता. मग त्यांनी ताराबाईंच्या हातातल्या बाळाकडे बघितलं.

"कालपासून," त्या म्हणाल्या.

ताराबाई पुढे झाल्या. "व्हय, व्हय डॉक्टर. मी सव्वा महिना येत-जात व्हते, एकदा बी खोकल्या न्हाईत. आमी साक्षीला हाय."

डॉक्टरने तसं लिहिलं. मी त्याचा दंड धरून त्याला पडद्याबाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. धुरी, टँकर, रक्त, न घेतलेली इंजेक्शनं. त्याने ऐकून घेतलं, पटापट काहीतरी सांगून नर्सला पिटाळलं आणि पुन्हा आत गेला. मी त्याच्या मागे. तो त्यांच्या कानाशी वाकला. हळू बोलत होता, पण अश्विनी त्यांचा हात धरून अगदी शेजारी उभी होती.

"मावशी, खरं सांगा. आधीपासून होतं ना?"

त्यांनी मास्क हाताने बाजूला केला. बोलायला श्वास पुरत नव्हता, तरी एकेक शब्द वेगळा काढून बोलल्या.

"मी सांगायले ना. कालपासून."

अश्विनीने मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला, आणि नर्सने स्ट्रेचर ढकलत आत नेलं.